लेकीला आइस हॉकीची गोलकीपर व्हायचंय, आत्ताच कॅनडाला पाठवू का?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या इंदिरानगरचे एक बाबा, अंबडला त्यांचं छोटं टूलरूम आहे. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. चार वर्षं इनलाइन हॉकी, म्हणजे चाकांच्या स्केटवरची हॉकी, खेळते आणि गेली दोन वर्षं गोलमध्ये उभी राहते. आता व्यावसायिक आइस हॉकीची गोलकीपरच व्हायचं म्हणून हटून बसली आहे. तिची मावशी टोरांटोजवळ राहते. "आत्ताच पाठवू, की दहावीनंतर? उशीर तर होत नाही ना? आणि यात खरंच पोट भरतं का?"

दादा, नमस्कार. आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळची पिंपळगाव बसवंतची, द्राक्षवाल्याची मुलगी. लहानपणी थंडी म्हणजे आमच्याकडे प्री-कूलिंगची खोली, एवढीच माहिती. शाळेत मैदानी हॉकीत गोलमध्ये उभी राहायचे. लग्नानंतर टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला गेले आणि सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला. बायकांच्या हौशी लीगमध्ये अकरा वर्षं गोल सांभाळला आणि त्यातली नऊ वर्षं लहान मुलींच्या संघांतल्या गोलकीपरना शिकवलं. चार वर्षांपूर्वी आईवडिलांसाठी परत आले. आता पंचवटीतल्या एका शाळेच्या मैदानावर सकाळी मुलामुलींना गोलकीपिंग शिकवते. व्यावसायिक मी कधीच नव्हते, पण त्या वाटेला लागलेल्या आणि अर्ध्यातून परतलेल्या मुली जवळून पाहिल्या आहेत.

उत्तर आधीच देऊन टाकते. आत्ता पाठवू नका. उशीर होत नाहीये. पोट भरतं, पण फार थोड्यांचं, आणि बायकांचं तर अगदी आत्ताआत्ता भरायला लागलंय.

जागांचा हिशेब करू. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली पुरुषांची व्यावसायिक लीग. तिच्यात ३२ संघ आणि सामन्याला प्रत्येक संघाचे दोनच गोलकीपर. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये ६४ जागा. त्यातही खेळतो एकच. फॉरवर्ड पाऊण मिनिट पळून दमला की बाकावर येतो, दुसरा उतरतो. चौथ्या फळीतल्या पोरालाही दहा मिनिटं मिळतात. दुसऱ्या गोलकीपरला मात्र शून्य. तो टोपी घालून बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी बाकाचं दार उघडतो, आणि पुढच्या सामन्यात आपलं नाव आहे का याची वाट बघतो. बायकांची व्यावसायिक लीग पीडब्ल्यूएचएल जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांनी सुरू झाली, २०२५-२६ च्या हंगामात आठ झाले. संघामागे तीन गोलकीपर धरल्या तर जगभरातून चोवीस जणी. त्यांच्या पहिल्या करारात किमान पगार वर्षाला ३५,००० डॉलर ठरला आणि प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८०,००० किंवा जास्त द्यायचे असं ठरलं. तिकडच्या राहणीमानात ३५,००० म्हणजे भाडं आणि किराणा. पुरुषांकडे एनएचएलचा किमान पगारच २०२५-२६ पर्यंत ७,७५,००० डॉलर होता, आणि गोलकीपर इगोर शेस्टरकिननं डिसेंबर २०२४ मध्ये वर्षाला १ कोटी १५ लाख डॉलरचा आठ वर्षांचा करार केला. पोरं मोबाइलवर बघतात ते हे. तुम्ही चोवीस हा आकडा लक्षात ठेवा.

आता उशिराचं. तुमच्या मनातली खरी भीती हीच आहे, आणि इथे मी तुम्हाला मनापासून धीर देऊ शकते. आइस हॉकीत गोलकीपर सगळ्यात शेवटी पिकतो. २००० सालच्या एनएचएल ड्राफ्टचं, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाक्रमानं निवडतात त्या निवडीचं, उदाहरण घ्या. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेला तो गोलकीपरच, रिक डिपिएत्रो. गोलकीपरला पहिला क्रमांक मिळणं फार दुर्मीळ. पुढे त्याला तब्बल पंधरा वर्षांचा करार मिळाला, पण दुखापतींनी तो मोडून गेला आणि ३१८ सामन्यांवर थांबला. त्याच ड्राफ्टमध्ये २०५ व्या क्रमांकावर स्वीडनचा हेन्रिक लुंडक्विस्ट होता. निवड झाल्यावरही तो पाच वर्षं घरच्या लीगमध्ये खेळत राहिला, २००५ मध्ये न्यूयॉर्कला आला, ८८७ सामने खेळला, ४५९ जिंकला. टिम थॉमस हा गोलकीपर १९९४ मध्ये २१७ वा निवडला गेला. फिनलंड, स्वीडन, अमेरिकेतल्या खालच्या लीगा असं फिरत फिरत तिशी ओलांडल्यावर बोस्टनमध्ये स्थिरावला आणि २०११ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, आणि प्लेऑफमधल्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतल्या, सर्वोत्तम खेळाडूचा मान दोन्ही घेऊन गेला. अठरा-एकोणिसाव्या वर्षी गोलकीपर कसा होईल हे ज्यांचं पोट यावरच चालतं त्यांनाही ओळखता येत नाही. मग तेराव्या वर्षी तुम्ही-आम्ही कसं ओळखणार?

असं का होतं, ते समजून घ्या, कारण लेकीचा सराव त्यावरच ठरवायचा आहे. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाड, दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमची कडक रबराची चकती. बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. गोलपासून लांब आखलेल्या निळ्या रेषेवरून ताशी १६० किलोमीटरनं मारलेली ही चकती अर्ध्या सेकंदाच्या आत गोलपाशी पोचते. मधे चार जणांचे पाय आडवे. नुसतं बघून हात हलवायला वेळ पुरत नाही. मारणाऱ्याचा खांदा, काठीचं पातं, पाठीमागून धावत येणारी दुसरी खेळाडू, हे सगळं आधीच वाचावं लागतं. हे वाचणं हजारो फटके अंगावर घेऊन येतं. त्याला शिकवणीचा शॉर्टकट नाही.

आणि उरलेलं अर्धं काम उभं कुठे राहायचं याचं. हे तुम्ही पार्किंगमध्ये आजच करून बघू शकता. आइस हॉकीचा गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. भिंतीवर खडूनं तेवढा चौकोन आखा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत सुतळी चिकटवा आणि दोन्ही टोकं पंधरा फुटांवर ठेवलेल्या चेंडूपाशी आणून एकत्र बांधा. लेकीला भिंतीला पाठ लावून उभी करा. दोन्ही बाजूंना किती जागा मोकळी आहे ते तिलाच बोटानं दाखवू द्या. मग पाच फूट पुढे बोलवा. सुतळ्यांमधलं अंतर सहाचं चार फूट झालेलं असेल. मुलगी तेवढीच, झाकली गेलेली जागा जास्त. आता चेंडू डावीकडे पाच-सहा फूट सरकवा आणि तिला पुन्हा सुतळ्यांच्या बरोब्बर मधे यायला सांगा. भिंतीशी असती तर जवळजवळ हलावंच लागलं नसतं, पुढे आल्यावर दीड-दोन फूट सरकावं लागतं. पुढे यायचं की मागे राहायचं, हा सौदा गोलकीपर आयुष्यभर करत असते. मी मुलींना महिनाभर ही सुतळी सोडू देत नाही. एक दिवस त्या मागे वळून न बघता टाच मागे टाकून खांबाचा अंदाज घेतात, तेव्हा मला कळतं की सुतळी डोक्यात गेली.

इनलाइनमधून काय उपयोगी पडेल आणि काय नाही, तेही स्पष्ट सांगते. नजर, हात, अंतराचा अंदाज, शूटरच्या सवयी ओळखणं, सगळं येईल. पाय मात्र नव्यानं शिकावे लागतील. चाकं आडवी घासत नाहीत. बर्फावर पातं आडवं करून बर्फ खरवडत थांबायचं असतं, गुडघ्यावर बसल्या बसल्या एका पात्याच्या कडेनं ढकलून घसरत दुसऱ्या खांबापर्यंत जायचं असतं. सिमेंटवर गुडघे टेकले की माणूस तिथेच अडकतो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी घसरून खांबाच्या पार पलीकडे जायचे आणि गोल माझ्या पाठीमागे उघडा पडायचा. म्हणून तिनं इथे कितीही बक्षिसं मिळवली तरी पहिल्या बर्फावर ती रडकुंडीला येणार, याची तिला आधीच कल्पना द्या.

यापुढचं जरा थांबून वाचा. गुडघे आत टेकून दोन्ही पाय बाहेर पसरायचे, त्या बैठकीला बटरफ्लाय म्हणतात. पॅट्रिक रॉय या गोलकीपरनंतर जवळजवळ सगळं जग असंच खेळतं. यात मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला वळतं. आपल्याकडे पालक कौतुकानं सांगतात, "आमची तासन् तास मांडी घालून बसते, तिला सहज जमेल." मांडी घालताना हाड बाहेर वळतं, बरोब्बर उलटं. एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. माझ्याकडे ब्रॅम्प्टनमध्ये एक बारा वर्षांची पोर होती, कष्टाळू, कधी नाही न म्हणणारी. मी तिच्याकडून एका सत्रात दीडशे-दोनशे बटरफ्लाय काढून घ्यायचे. तिचे वडील खूश, मी खूश. हंगामाच्या शेवटी तिला गाडीत बसताना जांघेत कळ यायला लागली. ती दोन महिने बोलली नाही, आणि मी दोन महिने विचारलं नाही. खुब्याच्या कडेची कूर्चा दुखावली होती. वर्षभर खेळ बंद. तिच्या आईनं मला एक शब्दही वाकडा बोलला नाही, आणि ते मला अजून बोचतं. तेव्हापासून वाढीच्या वयातल्या मुलीला मी एका दिवशी चाळीसच्या वर बटरफ्लाय देत नाही, आणि प्रत्येक सत्रानंतर "जांघ कशी आहे?" हे नाव घेऊन विचारते. "काही दुखतंय का?" असं विचारलं की सगळ्या नाही म्हणतात. मोठ्यांचीही तीच गत आहे. फिनलंडचा टुका रास्क, बोस्टनचा इतका मोठा गोलकीपर, २०२१ मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया करून परत आला, चार सामने खेळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये चौतिसाव्या वर्षी थांबला. तुमची लेक सकाळी जिना उतरताना कशी उतरते, यावर तुमचं लक्ष असू द्या.

मास्कबद्दल कुणी आता वाद घालत नाही, पण तो मिळवायलाही भांडावं लागलं होतं. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटच्या फटक्यानं गोलकीपर जॅक प्लँटचं तोंड फाटलं. टाके घालून आल्यावर त्यानं प्रशिक्षकाला सांगितलं की मास्क घालू दिला तरच उतरतो. त्याआधी उघड्या तोंडानं उभे राहायचे. गळ्याचा पट्टा मात्र अजूनही पोरं टाळतात, गरम होतं म्हणतात. २२ मार्च १९८९ ला क्लिंट मालारचुक या गोलकीपरचा गळा स्केटच्या पात्यानं कापला गेला. फिजिओनं धावत येऊन शीर दाबून धरली म्हणून तो वाचला. जखम भरली, पण त्याचं मन पुढे कित्येक वर्षं सावरत नव्हतं, हे त्यानं स्वतः उघडपणे सांगितलं आहे. गळ्याचा पट्टा घातल्याशिवाय माझ्या मैदानावर कुणी उभं राहत नाही, चाकांवरसुद्धा.

मनाचं तर बोलायलाच हवं. चांगली गोलकीपर शंभरातले नव्वद-एक्याण्णव अडवते. म्हणजे नऊ-दहा आत जातात, आणि प्रत्येक वेळी पाठीमागे लाल दिवा लागतो. बाकीच्यांच्या चुका खेळात मिसळून जातात, हिची चूक फलकावर चढते. ग्लेन हॉल हा जुना गोलकीपर सलग ५०२ सामने खेळला, तेही मास्कशिवाय, आणि सामन्याआधी त्याला उलटी व्हायची. अलीकडचा गोलकीपर ब्रेडन होल्टबी बाटलीतून पाणी उडवायचा आणि त्यातला एक थेंब नजरेनं पकडून खाली पडेपर्यंत बघायचा. तेवढ्यात मागचा गोल संपलेला असायचा. मी तुमच्या लेकीला पाहिलेलं नाही, पण एक गोष्ट तुम्ही घरी बघू शकता. गोल खाल्ल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात ती कुणाकडे बघते? बाबांकडे बघत असेल, तर तुम्ही काही महिने सामन्याला जाऊन मागच्या रांगेत बसा, तिला दिसणार नाही असे.

आता मावशीचं घर. मावशी प्रेमानंच करेल, पण तिकडे तेराव्या वर्षाच्या मुली पाचव्या वर्षापासून बर्फावर आहेत. तुमच्या लेकीला पहिली दोन वर्षं सगळ्यात खालच्या गटात काढावी लागतील. गोलकीपरचं सामान, अगदी साधा पूर्ण सेट, दोन-अडीच हजार डॉलरपासून पुढे, आणि वाढत्या वयात दोन वर्षांत लहान होतो. वरच्या गटात निवड झाली तर वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. परदेशी विद्यार्थिनीची शाळेची फी वेगळीच. शिवाय पहाटे साडेपाचला गाडी काढून रिंकवर कोण सोडणार? हे मावशीला फोनवर विचारू नका, समोरासमोर विचारा. माझा सल्ला असा की पंधराव्या-सोळाव्या वर्षी उन्हाळ्यातल्या दोन-तीन आठवड्यांच्या गोलकीपर शिबिराला पाठवा. शिबिरं जुलै-ऑगस्टमध्ये असतात, शाळेतून रजा काढावी लागेल. ते तीन आठवडे झाल्यावर ती काय म्हणते, ते तिचं खरं उत्तर. खरा दरवाजा अठराव्या वर्षी उघडतो, अमेरिकन विद्यापीठांच्या संघांत. तिथे शिकता शिकता खेळता येतं. म्हणून गणित-इंग्रजी सुटू देऊ नका. गोलकीपर केन ड्रायडन आधी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकला, माँट्रियलसाठी सहा स्टॅन्ली कप जिंकला, मधे १९७३-७४ चा अख्खा हंगाम बाजूला ठेवून वकिलीची उमेदवारी पुरी केली आणि एकतिसाव्या वर्षी सन्मानानं निवृत्त झाला.

आणि दादा, तुम्ही भारताचा उल्लेखच केला नाहीत. मुलीच्या बाबतीत तर ती जास्त जवळची वाट आहे. आपला महिला संघ २०१६ मध्ये तैपेईला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि सगळे हरला. २०१७ मध्ये बँकॉकला पहिला विजय मिळाला. २०२५ मध्ये अल ऐनच्या आशिया कपमध्ये त्या मुली कांस्यपदक घेऊन आल्या. बहुतेक जणी लडाख-हिमाचलच्या, जिथे हिवाळ्यात तळी गोठतात. त्यांची गोलकीपर नूर जहाँ लेहची. ती जुनी भित्तिचित्रं आणि थांगका, म्हणजे कापडावरची बौद्ध चित्रं, जतन करण्याचं काम करते आणि हिवाळ्यात पॅड बांधते. एवढं खेळूनही तिला दुसरं काम हातात ठेवावं लागतं, हे तुम्ही लक्षात घ्या, आणि तिनं खेळ सोडला नाही हे तुमच्या लेकीला सांगा. देहरादूनची पूर्ण मापाची रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली होती, मधे कित्येक वर्षं बंद पडली, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. नाशिकहून टोरांटोपेक्षा ती जवळ आहे. लेहला जानेवारीत जायचं असेल तर साडेअकरा हजार फुटांवर पहिले तीन-चार दिवस नुसतं बसून काढायचे, स्केट बांधायचे नाहीत.

"नाशिकच्या पोरीनं बर्फावर काय करायचं?" असं तुम्हाला घरचेच म्हणतील. चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा, गावात प्यायच्या पाण्याची मारामार. लष्करात गेल्यावर त्यानं पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवलं. पुरुषांच्या आइस हॉकीतही सेना आणि आयटीबीपी, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस, यांचे संघच वर्षानुवर्षं पुढे आहेत. वर्दीची नोकरी आणि खेळ अशी वाट आपल्या जिल्ह्याला नवी नाही.

म्हणून पुढची तीन वर्षं इनलाइन चालू ठेवा. आठवड्यातून दोन दिवस तिला मैदानी हॉकीच्या गोलमध्येही उभी राहू द्या, म्हणजे खुबा एकाच हालचालीनं झिजणार नाही. रोज वीस मिनिटं भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून एका हातानं पकडायचा, मग दुसऱ्या. येत्या हिवाळ्यात दहा दिवस देहरादूनला नेऊन बर्फ दाखवा. कॅनडाचा विचार त्यानंतर करू. जमीन-बिमीन काही विकायची नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला पंचवटीच्या मैदानावर तिला घेऊन या. पॅड आणू नका. गळ्याचा पट्टा, स्केट आणि सुतळीचं एक बंडल एवढंच पुरे. पहिला अर्धा तास मी तिच्याशी एकटीशी बोलेन, तुम्ही तोवर बाहेर चहा घ्या.